रंगापेक्षा बोंगा

नव्या गाडीच्या अंगावर रंग किती जाड असतो, हे गाडी घेणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीच्या पत्र्यावर सगळे थर धरून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन रंग असतो. डोक्यावरचे दोन केस उपटून एकावर एक ठेवले तर जवळपास तेवढी जाडी भरते. केस शिल्लक असतील तर हा प्रयोग घरी करून पाहता येतो. हा रंग खराब होऊ नये म्हणून त्यावर जी पारदर्शक फिल्म चिकटवतात, ती असते दीडशे ते दोनशे मायक्रॉनची. म्हणजे ज्याला राखायचं त्याच्यापेक्षा राखणदारच अंगानं आडवा. आपल्याकडे याला अंगापेक्षा बोंगा मोठा म्हणतात. वेस्टमीडमध्ये याला ‘पेंट प्रोटेक्शन पॅकेज’ म्हणतात, आणि त्याचे पैसे गाडीच्या कर्जातच बसवून मिळतात.

वेस्टमीड हे सिडनीच्या मध्यापासून पंचवीसेक किलोमीटर पश्चिमेला, पॅरामॅट्याला खेटून असलेलं उपनगर. नावाचा अर्थ पश्चिमेचं कुरण. जुन्या गव्हर्नरसाहेबांच्या जमिनीचा हा मावळतीकडचा तुकडा. आता इथे कुरण औषधालाही उरलेलं नाही, औषधं मात्र मुबलक आहेत. १९७८ साली उघडलेलं मोठं सरकारी रुग्णालय इथे आहे, १९९५ साली कॅम्परडाउनहून हलवलेलं मुलांचं रुग्णालय इथे आहे, आणि त्यांच्याभोवती फ्लॅटच्या इमारती, ज्यांच्या एकाच जिन्यात तेलुगू, गुजराती, तमिळ, हिंदी आणि आपली मराठी ऐकू येते. आगगाडीचं स्टेशन पायाशी आहे, २०२४च्या डिसेंबरपासून लाइट रेलही आली. तरी गाडी लागतेच. कारण शनिवारी धाकट्याचं क्रिकेट, थोरलीची मराठी शाळा, संध्याकाळचा मंडळाचा कार्यक्रम आणि हॅरिस पार्कातली वाणसामानाची फेरी या चार गोष्टी चार दिशांना असतात, आणि चारही ठिकाणी वेळेवर पोचायचं असतं, निदान क्रिकेटच्या बाबतीत तरी.

तर गाडी येते, आणि गाडीच्या आधी भीती येते. इथल्या शोरूममध्ये गाडी विकणारा माणूस वेगळा आणि गाडीची काळजी विकणारा वेगळा असतो. पहिल्याशी दोन तास घासाघीस करून, हजारभर डॉलर सोडवून, आपण विजयी मुद्रेनं उठतो, तोच आपल्याला दुसऱ्याच्या खोलीत नेऊन बसवतात. तिथे टेबलावर बॉनेटचा एक तुकडा ठेवलेला असतो. अर्धा उघडा, अर्धा कोटिंग केलेला. त्यावर तो पाणी शिंपडतो. उघड्या भागावर पाणी ओघळून पसरतं, कोटिंगच्या भागावर टपोरे मोती होऊन घरंगळतं. समोरची मंडळी अवाक होतात. वास्तविक ज्यानं लहानपणी परसातलं अळू पाहिलंय त्याला अवाक व्हायचं कारण नाही. अळवावरचं पाणी हे आपल्या भाषेत काहीच टिकत नाही याचं उदाहरण आहे. तेच पाणी दाखवून तो गृहस्थ सात वर्षांची हमी विकतो, आणि आपण सही करतो.

मुळात गाडीचा रंग हा स्वतःच राखणदार आहे, ही गोष्ट इथे विसरली जाते. गाडीची सबंध चौकट आधी एका हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहानं तिच्या सांदीकोपऱ्यांत पहिला थर बसवतात. पाकात जिलबी सोडावी तसंच, फक्त जिलबी दीड टनाच्या गाडीची. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. यातला ज्याला आपण गाडीचा रंग म्हणून चार रविवार वाद घालून निवडतो, तो थर जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉनचा असतो. बाकीचे सगळे त्याचे मागचे-पुढचे अंगरक्षक. पत्रा गंजू नये म्हणून रंग. रंग उन्हानं विटू नये म्हणून क्लिअर कोट. क्लिअर कोटवर चरा पडू नये म्हणून फिल्म. फिल्म पिवळी पडू नये म्हणून तिच्यावर सिरॅमिकचं कोटिंग. सिरॅमिक टिकावं म्हणून दर काही महिन्यांनी फवारायचं आणखी एक द्रव्य, आणि त्या द्रव्याची बाटली सांडू नये म्हणून डिकीत ठेवायचा प्लॅस्टिकचा डबा. मंत्र्याच्या ताफ्यात इतक्या गाड्या व्हाव्यात की आत मंत्री बसलाय की नाही हेच कुणाला ठाऊक नसावं, तसं हे झालंय.

या सिरॅमिकची जाहिरात ‘नाइन एच’ या दोन शब्दांवर उभी आहे. हा आकडा ऐकणाऱ्याच्या डोक्यात शाळेतला भूगोल जागा होतो. खनिजांची कठीणता मोजण्याच्या पट्टीवर हिऱ्याला दहा गुण असतात, म्हणजे नऊ म्हटल्यावर हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी असणार, असं वाटतं. पण नाइन एच हा त्या पट्टीवरचा आकडाच नाही. तो पेन्सिलीचा आहे. एचबी, टूबी, टूएच असतात ना, त्याच रांगेतली शेवटची, सर्वांत टणक पेन्सिल म्हणजे नाइन एच. चाचणीही पेन्सिलीनंच करतात: रंगावर पेन्सिल ठरलेल्या दाबानं ओढायची, ओरखडा उठला नाही तर पास. म्हणजे एक-दोन मायक्रॉनच्या या थराची प्रतिज्ञा एवढीच, की उद्या कुणी कंपासपेटी उघडून गाडीवर भूमितीचं प्रमेय काढू लागला तर तुमचा रंग दगा देणार नाही. रस्त्यावरच्या वाळूचा कण पेन्सिल वापरत नाही. तो क्वार्ट्झचा असतो, खऱ्या पट्टीवर त्याला सात गुण आहेत, आणि सिडनीच्या पायाखालचा हॉक्सबरी सँडस्टोन म्हणजे अशा कणांचंच गाठोडं. सिरॅमिकचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. चिखल सुटायला सोपा जातो, पक्ष्याची शीट पटकन निघते, धुणं अर्ध्या वेळेत आटोपतं. पण ते धुण्याचं सुख आहे, ते चिलखत म्हणून विकायला नको.

आता माझं खरं म्हणणं. गाडीच्या रंगाचं जितकं नुकसान बेपर्वाईनं होतं त्याहून जास्त मायेनं होतं. पुरावा हवा असेल तर दोन वर्षं मनापासून जपलेली एखादी काळी गाडी दुपारच्या उन्हात उभी करून पाहावी. उन्हाच्या तिरिपेभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल गोल ओरखडे दिसतात. हे ओरखडे प्रत्यक्षात गोल नसतात. ते सगळ्या दिशांना गेलेले असतात, आणि त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. यांतला एकही दगडानं केलेला नसतो. ट्रॉलीनं, शेजाऱ्याच्या दारानं, खोडकर पोरानं केलेला नसतो. ते सगळे पुसण्याचे असतात. रंगावर बसलेली धूळ आपण होऊन काही करत नाही, ती नुसती बसून असते. तिला फडक्याखाली घेऊन रगडलं की ती पॉलिश पेपरचं काम करू लागते.

आणि पुसणारे हात कुणाचे, हे वेस्टमीडमध्ये सगळ्यांना माहीत आहे. पुण्याहून, साताऱ्याहून, डोंबिवलीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले बाबा. त्यांना सकाळी साडेपाचला जाग येते. सून-मुलगा उठायला अवकाश असतो, पेपर येत नाही, दूधवाला येत नाही, आणि शेजारी कुणी कट्ट्यावर बसत नाही. चहा होतो. मग काय करायचं? सामानातून आणलेलं पिवळं फडकं बाहेर निघतं. हे फडकं नवंकोरं असतं, फियाटच्या काळापासून चालत आलेल्या घराण्यातलं. बाबा खाली बेसमेंटमध्ये जातात, एकदा गाडीभोवती प्रदक्षिणा घालतात, आणि मग बॉनेटच्या मधोमध फडकं टेकवून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायला लागतात. कोरडं. पाणी नाही, साबण नाही. इमारतीच्या समितीनं बेसमेंटमध्ये गाडी धुवायला बंदी केलेली असते आणि बाबा नियम पाळणारे आहेत. मधूनच फडकं फटकन झटकतात, उडालेली धूळ पलीकडच्या तेलुगू कुटुंबाच्या गाडीवर बसते, आणि सभ्य माणूस असल्यामुळे बाबा तीही पुसून देतात. वर आल्यावर मुलगा कळवळून म्हणतो, “बाबा, कोरडं पुसू नका हो, ओरखडे पडतात.” बाबा फडकं दोरीवर वाळत घालत शांतपणे सांगतात, “अरे, मी हलक्या हातानं पुसतो.” हातात अंगठी असते. हलका हात आणि जड अंगठी या जोडीसमोर दोनशे मायक्रॉनची फिल्मही चिंतेत पडते.

पहिल्या दिवशीची पूजा याच जातीची. नवी गाडी घेऊन मंडळी मेज हिलच्या मुरुगन मंदिरात जातात, नाहीतर ऑबर्नच्या श्री मंदिरात, जे १९७७ सालापासून उभं आहे. ज्या बॉनेटला गेल्या तासाभरात कुणी बोट लावू दिलेलं नसतं, त्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक रेखलं जातं. त्यावर अक्षता, त्यावर फूल, पुढे हार. हाराच्या टोकाला तार असते. हार गाडीच्या नाकावर नीट बसावा म्हणून तो दोनदा डावीकडे, तीनदा उजवीकडे सरकवतात, तारेसकट. चाकाखाली लिंबू ठेवतात हे त्यातल्या त्यात निर्धोक. रबराला लिंबाची बाधा होत नाही. मग हळदीकुंकू वाळतं, आणि ते नखानं खरवडायला घरातली सर्वांत अनुभवी व्यक्ती पुढे होते. दृष्ट लागू नये म्हणून जे केलं, त्यातच पहिला चरा पडतो. हे वाईट झालं असं मला वाटत नाही. तान्ह्या बाळाच्या गालाला आपण मुद्दाम काजळाची तीट लावतो, सगळं निर्दोष असलं की नजर लागते म्हणून. गाडीला तीट लावायची कल्पना मात्र कुणाला सुचत नाही. ती आपोआप लागली तर घरात सुतक पाळतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पुसण्याचं ठीक, पण टवक्यांचं काय? एम-फोर महामार्गावर ट्रकच्या मागून खडा येतो आणि बॉनेटवरचा रंगाचा टवका उडवून जातो, त्यात कुणाची माया? आक्षेप खरा आहे, आणि फिल्मचा जन्मही याच दुखण्यातून झाला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळू-खड्यांनी झिजू नयेत म्हणून ही युरेथेनची पट्टी बनली, मग ती शर्यतीच्या गाड्यांवर आली, आणि तिथून मुलांना पोहायला सोडणाऱ्या सात आसनी गाडीवर. खडा आला तर ती मार खाते, हे खोटं नाही. किरकोळ ओरखडा ऊन लागलं की तिच्या अंगात आपोआप भरूनही येतो. पण खड्याचा मार वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की मार चौपट. आणि खडा उडतो कुठून? पुढच्या गाडीच्या चाकाखालून. म्हणजे टवक्यावरचा मूळ इलाज पुढच्या गाडीपासून लांब राहणं हा आहे. न्यू साउथ वेल्सचं वाहतूक खातं तीन सेकंदांचं अंतर ठेवा म्हणून सांगत असतं. ताशी ११० किलोमीटरच्या वेगाला तीन सेकंद म्हणजे सुमारे नव्वद मीटर. ही नव्वद मीटरची फिल्म फुकट मिळते, पिवळी पडत नाही, तिच्यात बुडबुडे येत नाहीत. पण ती कुणी बसवून घेत नाही, कारण एवढी जागा मोकळी सोडली की दुसरा कुणीतरी तीत घुसतो, आणि मराठी माणूस पाच हजार डॉलर सोडेल, रांगेतली जागा सोडणार नाही. बॉनेटला नखशिखांत फिल्म आणि पुढच्या ट्रकच्या नंबरप्लेटवरचे स्क्रू मोजता येतील इतकी जवळीक, असं दृश्य रोज सकाळी पूर्वेकडे सरकताना दिसतं. रोज कॅनबेराच्या दिशेनं हायवे तुडवणाऱ्यानं बंपरला आणि बॉनेटच्या पुढच्या पट्टीला फिल्म लावून घ्यावी. वेस्टमीडहून पॅरामॅट्याला जाणाऱ्या गाडीला खडा लागायचा तर तो कुणीतरी हातानं मारावा लागेल.

वरून पडणाऱ्या गोष्टींचं प्रकरण याहून मोठं आहे. वेस्टमीडच्या शेजारच्या पॅरामॅटा पार्कात वटवाघळांची वस्ती आहे. आपल्या वडावरची नव्हेत, तर राखी डोक्याची, पसरलेले पंख मीटरभर भरतील अशी. सूर्य मावळला की ती हजारोंनी फळं आणि फुलं खायला निघतात, आणि खाल्लेलं पोटात ठेवायची त्यांना सवय नाही. ज्या उद्यानात ती राहतात त्यातलं जुनं सरकारी निवासस्थान आणि परिसर २०१० साली जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, म्हणजे पत्ता आपल्यापेक्षा भारी. शिवाय ही जात धोक्यात आल्यामुळे कायद्यानं संरक्षित आहे. तेव्हा एका बाजूला सात वर्षांची हमी घेतलेला रंग आणि दुसऱ्या बाजूला संरक्षित वटवाघूळ असा तंटा झाला, तर इथला कायदा कुणाच्या बाजूनं उभा राहील हे सांगायला वकील नको. त्याशिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात जॅकरांडाच्या चिकट जांभळ्या पाकळ्या, वर्षभर गम ट्रीचा डिंक, आणि काकाकुव्यांनी अर्धवट कुरतडून टाकलेली बोंडं. उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन किंचित फुगतो, शीट वाळून घट्ट बसते, आणि रात्री गार झाल्यावर रंग तिच्याभोवती आक्रसतो. ठसा उमटतो तो असा. पश्चिम सिडनीचं ऊन काय असतं ते ४ जानेवारी २०२० रोजी पेन्रिथला कळलं, पारा ४८.९ अंशांवर गेला. आणि गारांचं म्हणाल तर १४ एप्रिल १९९९ची संध्याकाळ शहराच्या पूर्व भागातली माणसं अजून सांगतात: क्रिकेटच्या चेंडूहून मोठ्या गारा, आणि विमा कंपन्यांचा भरणा १.७ अब्ज डॉलर. तिथे फिल्म आणि सिरॅमिक दोघांनीही हात टेकले असते. नाइन एचची पेन्सिल गारेला नुसतं पाहत राहिली असती.

या सगळ्यावर जगातला सर्वांत जुना आणि बिनतोड उपाय म्हणजे छप्पर. आणि इथेच काळजीवाहू माणसाचा खरा कस लागतो. स्वतंत्र घर असलेल्यांकडे गॅरेज असतं, बऱ्याचदा दोन गाड्यांचं. त्याचं दार उघडून पाहावं. आत दोन ट्रेडमिल असतात, ज्यांतली एक चालते पण तिच्यावर कुणी चालत नाही. मंडळाच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर असतं, ते ‘पुढच्या वर्षी उपयोगी पडेल’ म्हणून गेली सहा वर्षं आहे. भारतातून आलेल्या आठ मोठ्या बॅगा एकीच्या पोटात एक अशा बसवलेल्या, बाळाची गाडी (बाळ आता विद्यापीठात आहे), सवलतीत घेतलेल्या बासमतीच्या गोण्या, आणि एक फ्रीज, जो बिघडलेला नाही म्हणून टाकवत नाही. या साऱ्या ऐवजाची बाजारातली किंमत काढली तर पाचशे डॉलर होईल की नाही शंका आहे. तो कुलूपबंद छपराखाली. आणि साठ हजारांची गाडी बाहेर रस्त्यावर, जॅकरांडाखाली, वटवाघळांच्या हवाई मार्गात, अंगाला हजारो डॉलरचं कोटिंग लावून उभी. फ्लॅटवाल्यांकडे निदान बेसमेंट असतं. पण तिथे खांब असतात. वेस्टमीडच्या कुठल्याही इमारतीच्या बेसमेंटातला वळणावरचा खांब टॉर्च पाडून नीट वाचावा: गुडघ्याच्या उंचीवर पांढरा पट्टा, त्यावर लाल, मध्ये चंदेरी, पुन्हा पांढरा. भूगर्भातल्या थरांवरून जसे कालखंड ओळखतात, तशी त्यावरून इमारतीत राहून गेलेल्या कुटुंबांची वंशावळ लावता येते. खांब हा एकच आहे ज्याला आतापर्यंत अनेक थरांचं संरक्षण लाभलं, तेही फुकट.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसांचा: गाडी विकताना रंग चांगला असेल तर पैसे जास्त येतात. येतात ना. पण किती, हे विचारायचं नसतं. पहिल्या तीन-चार वर्षांत गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा नुसत्या कॅलेंडरनं खाल्लेला असतो; त्यावर फिल्म निघालेली नाही. आठ वर्षांनी घ्यायला येणारा इसम किलोमीटर विचारतो, सर्व्हिसची वही विचारतो, टायर दाबतो, आणि मग सवयीनं चारशे डॉलर कमी सांगतो, ओरखडा असला तरी आणि नसला तरी. शिवाय यातला अंतर्विरोध पाहण्यासारखा आहे. रंग हा गाडीचा असा भाग आहे जो मालकाला गाडी चालवताना जवळपास दिसत नाही. त्याला दिसतो डॅशबोर्ड, आणि त्यावर सांडलेला चिवडा. रंग दिसतो मागच्याला, शेजाऱ्याला आणि आठ वर्षांनी येणाऱ्या त्या अनोळखी इसमाला. म्हणजे आठ वर्षं आपण एका परक्या माणसाची गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळतो आणि वर तिचे हप्तेही भरतो. कुळकायद्यात कुळालासुद्धा याहून बरं स्थान होतं.

तिसरा आक्षेप गंजाचा. चरा पडला की गंज धरतो, हे मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आणि फियाटच्या पत्र्याच्या काळात खरं होतं. आताच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, बंपर प्लॅस्टिकचा असतो, आणि प्लॅस्टिक गंजल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही. सिडनीत बर्फ पडत नाही, त्यामुळे कॅनडासारखं रस्त्यावर मीठही टाकत नाहीत. ओरखड्यावरून नख फिरवावं. नख अडकलं नाही तर चरा क्लिअर कोटमध्येच आहे, पत्र्याला त्याची खबरही नाही. अडकलं आणि खाली धातू दिसला, तर दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवरचा रंगाचा क्रमांक पाहून टच-अपची छोटी बाटली आणावी. नेलपॉलिश लावता येणारं कुणीही घरात असलं की काम झालं. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. कारखान्यात दीडशे अंशांच्या आसपास भाजून काढलेला मूळ रंग आणि गॅरेजवाल्यानं नंतर मारलेला रंग यांत फरक राहतो, आणि तो जाणत्या डोळ्याला दिसतो. म्हणून जपूच नये असं नाही. भरपूर पाणी मारून आधी वाळू उतरवावी, दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायला, आणि ज्या दिवशी हे करायला वेळ नाही त्या दिवशी गाडी मळकी राहू द्यावी. मळकी गाडी पुसलेल्या गाडीपेक्षा सुखात असते. २०१९च्या डिसेंबरात दुष्काळामुळे सिडनीत पाण्याचे निर्बंध कडक झाले, घरी गाडी धुवायची तर नळी नाही, फक्त बादली; तेव्हा कितीतरी गाड्यांच्या रंगाला गेल्या कित्येक वर्षांत मिळाली नव्हती इतकी विश्रांती मिळाली असणार.

उरला शेवटचा आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही: हौसेला मोल नसतं. ही नुसती हौस नाही, हे कळतं. ज्या घरात दिवाणाच्या चादरीवर दुसरी चादर असायची, रिमोट मरेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत राहायचा, फ्रीजच्या मुठीला अंगरखा असायचा आणि शोकेसमधल्या कपबशा पाहुणे येऊन गेले तरी बाहेर निघायच्या नाहीत, त्या घरातून ही मंडळी आलेली आहेत. तेव्हा त्याला कारण होतं. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट मिळाली की ती मुलाच्या लग्नापर्यंत चालवायची असे. वस्तू एकदाच यायची, म्हणून ती वापरापासून वाचवायची. सिडनीच्या विमानतळावर उतरताना लोणचं जाहीर करावं लागतं, बिया जाहीर कराव्या लागतात, लाकडी पोळपाटसुद्धा दाखवावा लागतो. ही सवय मात्र अर्जावर कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि कुत्रंही तिचा वास काढत नाही. ती थेट शोरूममधल्या त्या दुसऱ्या खोलीत जाऊन बसते, जिथे टेबलावर अळवाचं पान ठेवलेलं असतं.

शनिवारी अकराच्या सुमाराला कुठल्याही मोठ्या मॉलच्या गच्चीवरच्या पार्किंगमध्ये याचं प्रात्यक्षिक पाहायला मिळतं. जिन्याजवळच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात, मधल्या रांगा अर्ध्या रिकाम्या, आणि पार टोकाच्या कोपऱ्यात, जिथे ट्रॉली पोचत नाही आणि माणूसही सहसा जात नाही, तिथे एक कोरी गाडी उभी असते. दोन्ही बाजूंना पाच-पाच जागा मोकळ्या. मालक चारदा मागे वळून पाहत, उन्हातून तीन मिनिटं चालत जिन्यापर्यंत जातो. तेवढ्यात दुसरी कोरी गाडी येते. तिच्या मालकालाही ट्रॉलीची भीती असते. तो सगळी गच्ची हिंडतो, विचार करतो, आणि जी गाडी कुणाला धक्का लावणार नाही अशी खात्री वाटते तिच्या शेजारी येऊन लागतो. मग तिसरी. अर्ध्या तासानं त्या ओसाड कोपऱ्यात पाच नव्याकोऱ्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, इतक्या की दार पुरतं उघडत नाही, आणि पहिल्या गाडीचा मालक बासमतीची दहा किलोची पिशवी छातीशी धरून, पोट आत घेऊन, आपल्याच गाडीच्या बाजूनं आडवा सरकत असतो. त्याच्या पट्ट्याचं बक्कल पितळी असतं.